सहीचा पगार

नाल्याच्या पाण्याने भरलेल्या बाटलीचं झाकण उघडलं की मला बाबांच्या कामाच्या शर्टाचा वास येतो. बारावीनंतरच्या सुट्टीत, बेलवलीच्या आमच्या घरात, एमआयडीसीतली पहिली शिफ्ट करून आलेले बाबा तोच शर्ट अंगात ठेवून माझ्या कॉलेजचं माहितीपत्रक वाचत बसले होते. नैसर्गिक साधनसंपत्तीचं संवर्धन, असा लांबलचक विषय. फीच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारून त्यांनी विचारलं, "शिकून पगार किती मिळतो?" मग तेच म्हणाले, "आमच्या कंपनीत येतो एकजण, असलंच काहीतरी शिकलेला. सांडपाणी बाटलीत भरतो, तपासतो, रिपोर्टवर सही करतो. माझ्या दुप्पट कमावतो." चहा गाळता गाळता आई म्हणाली, "मग भरा की फी." बाबांनी माहितीपत्रक मिटलं. "पाणी काळं असलं तरी सही करतो गं तो. नाही केली तर किती मिळतात, ते विचारायला पाहिजे." तरी फी त्यांनी भरली. शिकून मलाही तसंच काम मिळालं. गेल्या महिन्यात अशाच एका रिपोर्टवर सही करायला मी नाही म्हटलं आणि माझं काम गेलं. काल घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चला, फी वसूल झाली."