विहीर तेवढी सोडून

मठातल्या उन्हाळी वर्गाच्या गोष्टी माझ्या तोंडून ऐकल्या नाहीत असा माणूस आमच्या मुरुम गावात शोधून काढायचा म्हणजे दिवस मोडावा लागेल. लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या ओट्यावर, मयताला गेलो तर तिथंसुद्धा – मी सांगितल्या आहेत. ही मात्र नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आज तुम्हाला सांगतोय, आणि आत्ताच पायाचा अंगठा जमिनीवर घासायला लागलाय, बघा. बसवत नाही.

आधी मठ दाखवतो. तेवढं तरी मला नीट जमतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. शाळेत उर्दू, घरी मराठी, आजीशी कानडी – अशा आम्हा पोरांना वैशाखात महिनाभर मठात पाठवायचे. पूजा शिकायची, चार वचनं पाठ करायची, पोहायचं, आणि निजामाचा फौजदार, अमीनसाहेब, त्याच्या कानावर जाणार नाही इतपत लाठीही फिरवायची. मुरुमातून बैलगाडीनं अर्धा दिवस. मठाच्या दालनाला शंभर दगडी खांब होते, असं मी आजवर सांगत आलो. सोळा होते. मोजलेत मी, पाठ चुकली की खांबाला तोंड करून उभं राहावं लागायचं, दुसरं काम काय? दालनापुढं लिंबाचा पार. तिथं संध्याकाळी आम्ही जमायचो आणि मी तोंड सोडायचो. कोठारात मिशा असलेला नाग आहे. मठाची घंटा वाजली की गुलबर्ग्याची माणसं जेवायला उठतात. अमीनसाहेबाचा घोडा मला बघून उधळला आणि साहेब थेट कडब्याच्या गंजीत! (घोडा होता. साहेब होता. उधळलं कुणी नाही. साहेबानं ताक मागितलं, पिऊन गेला.)

स्वयंपाकघर मागं, कुडाचं. तिथली गंगव्वा कडक भाकरीची चवड हातभर लावायची आणि म्हणायची, "ह्या मुरुमच्या पोराला वाढताना भाकरी कमीच लागती. अर्धं पोट थापांनी भरतंय त्याचं." सगळे हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा इराण्णा.

इराण्णा जळकोटचा, शेतकऱ्याचं पोर. अंगानं काटक, बोलायला कमी. माझ्या थापा तो अशा ऐकायचा की मलाच खऱ्या वाटायला लागायच्या. वर्गातला सगळ्यात चांगला पोहणारा तो. सगळ्यात चांगला पोहणारा मी, असं मी सांगायचो.

आता विहीर. तिच्याकडं यायचं नाही म्हणून तर इतका वेळ दालनात आणि पारावर घुटमळलो – कळलंच असेल तुम्हाला.

आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. लहानपणी दीक्षेत मिळतं, ते देहावेगळं करायचं नाही. रोज डाव्या तळव्यावर घेऊन पूजा, मगच अन्न. मेल्यावर माणसाला त्याच्यासकट बसवून पुरतात. आणि हरवलं तर? हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर नवी दीक्षा मिळेपर्यंत, अन्न नाही, पाणी नाही. आमच्या मठात ही रीत कडक होती. म्हणून विहिरीत उतरताना लिंग कापडात घालून डोक्याला घट्ट बांधायचं, असा अज्जांचा, म्हणजे मठाच्या स्वामींचा, नियम. बाकीच्यांची लिंगं कापडातच असायची. माझ्या वडिलांचं दुकान चांगलं चालायचं, म्हणून माझं चांदीच्या डबीत. पोहताना मी डबी काठावर ठेवायचो आणि लिंग तेवढं डोक्याला बांधायचो.

त्या दुपारी विहिरीवर आम्ही दोघंच. मी म्हणालो, थारोळ्यावरून उडी मारून दाखवतो. मोटेचं पाणी जिथं पडतं तिथून, सगळ्यात उंचावरून. गाठ नीट मारली होती का? नव्हती. घाई होती – इराण्णा बघत होता ना. उडी मारली. वर आलो तेव्हा डोक्यावर कापड नव्हतं.

मी पायऱ्यांवर बसून रडलो. हे मी कधी कबूल केलेलं नाही, पण त्या दिवसाच्या मानानं हे काहीच नाही. इराण्णानं डोक्याचं कापड सोडलं, आपलं लिंग काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. बुडी खोल होती, त्यात आपलंही लिंग जायला नको म्हणून. म्हणाला, "धर. खाली ठिवू नको, हातातच ऱ्हाऊ दे. म्या काढतो तुझं."

देहावेगळं करायचं नाही ते त्यानं माझ्या हातात दिलं. आणि बुडी मारली.

किती वेळा? मी सांगायला लागलो तर शंभर होतील. आठ-नऊ वेळा. दर वेळी वर यायचा, मुठीतला गाळ बघायचा, मान हलवायचा, पुन्हा खाली. डोळे लाल झाले होते. मी वर उभा. डाव्या हातात त्याचं लिंग, समोर काठावर माझी डबी – रिकामी. तेवढ्यात घंटा झाली. दालनातून पोरं निघाल्याचा आवाज आला, त्यांच्यामागं अज्जांच्या खडावा.

मी त्याचं लिंग डबीत घातलं. झाकण लावलं. डबी गळ्यात अडकवली.

पुन्हा सांगू का? नको. ऐकलंत तुम्ही.

अज्जा काठावर आले. खाली इराण्णा पाण्यात, डोकं उघडं, गळा उघडा. "कुणाचं पडलं रे?"

आयुष्यात एकदाच मी काही वाढवलं नाही. नाग नाही, घोडा नाही. म्हणालो, "इराण्णाचं, अज्जा." बस्स. एवढंच होतं म्हणून तर त्यांना ते पटलं असेल का?

इराण्णा खालून ओरडला, "न्हाय अज्जा, माझं त्याच्यापाशी – म्या तर त्याचं काढाय –" अज्जांनी माझ्याकडं बघितलं. मी डबी उघडून पुढं केली. आत लिंग होतं. त्याच्या कडेला बारीक टवका होता, तांदळाच्या कणीएवढा. एव्हाना इराण्णा पायऱ्या चढून वर आला होता, त्यानं तो टवका बघितला. ओळखला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तो बोललाच नाही. का बोलला नाही? मी या गोष्टीत पुष्कळ कारणं घालून बघितली. एकही बसत नाही.

"आपलं दुसऱ्यावर ढकलू नको, बाळा," अज्जा त्याला म्हणाले. मायेनं म्हणाले.

इराण्णा लिंबाच्या पारावर बसला. वैशाखातलं ऊन, दोन दिवस, घोटभर पाणी नाही. विहिरीवर दोन मोटा चालू झाल्या. बैलांच्या तोंडाला फेस आला, पोरं गाळाच्या पाट्या उपसून एकेक मूठ चाचपत होती. मीही चाचपत होतो – सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांच्या वरताण. सापडलं असतं तर काय करणार होतो? माहीत नाही. तळाचे झरे जिवंत होते, विहीर पुरती आटली नाही. पारावरून गंगव्वाचा आवाज यायचा, "लेकरा, ओठ तरी वले कर. मी सांगते अज्जांना, माझ्यावर घे म्हणावं पाप." तो मान हलवायचा.

मी जेवलो. दोन्ही दिवस, दोन्ही वेळा. सगळ्यांसोबत ओळीत बसून डाव्या तळव्यावर त्याचं लिंग घेतलं, पूजा केली आणि जेवलो. गंगव्वानं वाढलेली भाकरी मी परत मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी अज्जांनी त्याला नव्यानं दीक्षा दिली. सगळ्या पोरांसमोर, दालनाच्या उंबऱ्याबाहेर बसवून. त्याचे वडील गाडी घेऊन आले होते. पोराच्या हातून असं झालं म्हणून त्यांनी प्रत्येक पोरापुढं हात जोडले. माझ्यापुढंही. मी नमस्कार घेतला. इराण्णा पुन्हा वर्गाला आला नाही.

मग रझाकारांचा धुमाकूळ आला, निजाम गेला, माणसं पांगली. एकदाच भेटला. मुरुमच्या बाजाराला बैल घेऊन आला होता. माझ्या दुकानासमोर गाडी थांबवली, पण खाली उतरला नाही.

"मठाच्या गोष्टी सांगतूस म्हनं. लोकं लई हासतेत म्हनं."

"सांगतो."

"हिरीची सांगतूस का?"

"न्हाय."

"बरं," म्हणाला. एकदा माझ्या गळ्याकडं बघितलं. डबी शर्टाच्या आत होती. काढून द्यायला किती वेळ लागतो? बैलांना हाक घालून तो पुढं गेला, आणि मी दुकानात गिऱ्हाइकाला घोड्याची गोष्ट सांगायला लागलो. त्या दिवशी साहेब गंजीत नाही, विहिरीत पडला. गिऱ्हाईक लोटपोट हसलं.

इराण्णा गेल्याचं उशिरा कळलं. उंबऱ्याबाहेर मिळालेलं ते नवं लिंग त्याच्याबरोबर पुरलं असणार.

डबी तीन वेळा बदलली, आतलं तेच आहे. आज सकाळीही पूजेला बसलो होतो. टवका अंगठ्याला लागतो – रोज लागतो, एकाच जागी. उद्याही लागेल. मी गेलो की मुलं मला रीतीप्रमाणं बसवून पुरतील, आणि त्यांच्या बापाचं म्हणून इराण्णाचं लिंग माझ्या हातात ठेवतील.