मामांचा हात आणि एकादशीचा टाळ

पुढे माझी सगळी नोकरी कृत्रिम हातांच्या संशोधनात गेली. पहिला हात मात्र मी कुंभकोणमला, कॉलेजात शिकत असताना केला. त्याला संशोधन म्हणावे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

मामांचा उजवा हात भाताच्या गिरणीत मनगटापासून गेला होता. तेव्हापासून विठ्ठलाच्या भजनात ते मागे बसत आणि मानेनेच ठेका धरत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळे येते असा त्यांचा समज. एकादशीला टाळ धरता येईल असे काहीतरी कर, म्हणाले. मला नाही म्हणवेना.

सुताराकडून लाकडी बोटे करून घेतली. सायकलच्या ट्यूबचे रबर ती मिटलेली ठेवी. उघडायला जवळच्याच तिरुभुवनम गावच्या विणकराकडचा पिळाचा रेशमी दोर, पाठीवरून डाव्या खांद्याला बांधलेला. हात लांब केला की दोर ताणे आणि बोटे उघडत. घरी मामांनी बसून मनसोक्त टाळ वाजवला. मामी हसता हसता डोळे पुसत होती.

एकादशीला मामा पुढच्या रांगेत. नाम टिपेला पोचले आणि रीतीप्रमाणे सगळे उठून, हात उंच करून नाचू लागले. मामांनीही हात उंच केले. दोर ताणला, बोटे उघडली, आणि सुटलेला टाळ झोका घेऊन शेजारी नाचणाऱ्या भजनप्रमुखांच्या पगडीवर आदळला. पगडी घरंगळत थेट देवापुढे गेली.

मी खांबाआड लपलो. मामांनी शोधून काढलेच.

"अरे, आम्ही नाचतो हे विसरलास होय?"

खरेच विसरलो होतो. मी बसलेल्या माणसाचा हात केला होता.

पुढच्या एकादशीपर्यंत सगळे उलटे केले. आता रबर बोटे उघडी ठेवी आणि दोर ती मिटवी. हात जितका उंच, तितकी पकड घट्ट.

त्या दिवशी भजनप्रमुख पगडी आधीच काढून बसले. नाम चढले, मामांचे हात चढले, आणि टाळ असा खणखणला की मी, लाजाळू पोरगा, खांब सोडून नाचायलाच लागलो.

भजन संपले. लोक प्रसादाला वळले, तरी मामा हात उंच करून उभेच. दोर अडकला असे वाटून मी घाबरत जवळ गेलो.

"मामा, हात खाली घ्या. टाळ आपोआप सुटेल."

"ठाऊक आहे रे," मामा म्हणाले, "म्हणून तर घेत नाही."