काचघरातली केळ

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधी मी वर्षभरासाठी विलायतेत शिकायला गेलो. मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात होतो. तिकडच्या एका विद्यापीठाशी अदलाबदलीचं ठरलं होतं. त्यांचा एक विद्यार्थी इकडे येणार आणि त्याच्या जागी इकडून एक तिकडे जाणार. माझी निवड झाली. तो विद्यार्थी शेतकऱ्याचाच मुलगा होता आणि त्याला कापसाचा अभ्यास करायचा होता. म्हणून त्याची सोय फैजपूरजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरी झाली आणि माझी त्याच्या घरी. मी बोटीत असताना तोही बोटीतच होता, पण उलट दिशेला. आमची भेट कधी झालीच नाही.

त्याच्या घरी आई एकटीच होती. वडील वारले होते आणि शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तू मांस खात नाहीस असं कळवलंय. मग खातोस तरी काय?"

"बटाटे चालतील. फक्त ते मी करीन."

घरून आणलेली मिरचीपूड टाकून मी बटाट्याची भाजी केली. तिने एक घास घेतला, वर पाणी घेतलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा ताट पुढे केलं. त्या दिवसापासून दर रविवारी स्वयंपाक माझ्याकडे आला.

विद्यापीठ तिथून चार मैल. मी तिच्या मुलाची सायकल वापरायचो. भाषेची अडचण होती, पण ती वर्गात नव्हती. प्राध्यापकांचं इंग्रजी समजायचं, शेतावरच्या गड्यांचं समजायचं नाही. मला त्याची लाज वाटली नाही. पुण्याच्या माणसाला आमच्याकडच्या पहूरच्या बाजारात उभं केलं तर त्याला तरी कितीसं समजेल?

विद्यापीठाच्या बागेत एक मोठं काचघर होतं. नळांतून गरम पाणी फिरवून ते ऊबदार ठेवत. ऑक्टोबरात आमचा वर्ग तिथे नेला, तेव्हा कोपऱ्यात मला केळ दिसली. एका बेटात लहानमोठी तेरा-चौदा खोडं. पानं तेवढी पुसून चकचकीत ठेवलेली. काचघर सांभाळणारा म्हातारा माळी जवळच उभा होता. मी त्याला विचारलं, "हिला घड कधी आला होता?"

"मी इथे बावीस वर्षं आहे," तो म्हणाला. "एकदाही नाही. या हवेत येत नाही."

"हवेचा दोष नाही. बुंध्याशी फुटलेली पिलं फार झालीत. मोठं खोड एक ठेवा, बाकीची काढून टाका."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कितव्या वर्षाला आहात, साहेब?"

"शिकायला यंदाच आलोय. पण केळीत माझा जन्म गेलाय."

तो पानं पुसायला वळला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. चौथ्या दिवशी त्याने प्राध्यापकांची परवानगी आणली आणि एक धारदार सुरा माझ्या हातात दिला. "बिघडलं तर मी तुमचं नाव सांगणार," तो म्हणाला. मी म्हटलं, "खुशाल सांगा." दुपारभर खपून मी सगळी पिलं मुळाशी कापली, बुंध्याशी शेणखत दिलं आणि घरी देतात तसं भरपूर पाणी दिलं.

इथे मात्र मी चुकलो. डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली. मी आणखी पाणी घालायला गेलो तेव्हा म्हाताऱ्याने झारी काढून घेतली.

"तुमच्याकडे ऊन किती असतं?"

"डोकं फुटेल इतकं."

"इथे महिनाभरात चार दिवस पडलं तर पुष्कळ. उन्हाशिवाय झाड पाणी पीत नाही. मुळं कुजतील."

त्याचं बरोबर होतं. माझी चूक झाली असं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. त्यानंतर पाण्याचं त्याच्याकडे आणि खताचं, पिलांचं माझ्याकडे, असं वाटून घेतलं. पानं सावरली.

जानेवारीत घरचं पत्र आलं. माझे वडील, नाना, सांगत होते आणि शाळेतले मास्तर लिहीत होते, पण मधूनच मास्तरांनी नानांचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. "तुझा सायेब कामाचा हाये. सकायपासून केयीच्या बागात राबू ऱ्हायला." त्या मुलाच्या आईला मी ते वाचून त्याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "इथे तर त्याला आठ वाजता हलवून उठवावं लागायचं." मग ते पत्र तिने मागून घेतलं आणि एक अक्षर कळत नसतानाही आठवडाभर टेबलावर ठेवलं.

एप्रिलच्या मध्यावर मी काचघरात शिरलो तर म्हातारा टोपी काढून केळीपुढे उभा होता. पानांच्या मधून जांभळं कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर आलं होतं.

"हे काय आहे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"निसवली," मी म्हटलं, आणि मग इंग्रजीत सांगितलं की घड येतोय.

त्या आठवड्यात विद्यापीठातली माणसं रांग लावून केळ बघायला आली. प्राध्यापकांनी मला वर्गापुढे उभं केलं आणि आमच्याकडच्या लागवडीवर तासभर बोलायला सांगितलं. मी न अडखळता बोललो. पिवळ्या पानांचं प्रकरणही सांगितलं आणि माळ्याला पुढे बोलावलं. तो आला नाही, दाराशीच उभा राहून ऐकत राहिला.

घड लहानच होता, पाच फण्यांचा. आमच्या बाजारात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. जुलैच्या शेवटी, मी निघायच्या आठवड्यात, तो उतरवला. एक फणी म्हाताऱ्याने स्वतः कागदात गुंडाळून मला दिली. ती पिकली तेव्हा स्वयंपाकघरात मी आणि त्या मुलाची आई, आम्ही दोघंच होतो. तिने केळं सोलून सुरीने कापलं आणि सावकाश खाल्लं.

"माझा मुलगा हेच खात असेल का तिकडे?"

"याहून चांगलं," मी म्हटलं.

"मग तो लवकर येत नाही," ती म्हणाली आणि दुसरं सोलायला घेतलं.