लंकेत गाडी कोण हाकणार

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी आम्हा सगळ्यांनाच येतो आणि तसाच उतरतोही. पण या गोष्टीतला राग तसा नव्हे. हा चांगले सात महिने सावकाश चढत गेला आणि अजून पुरता उतरलेला नाही.

आमचे हे सुप्याच्या शाळेत मास्तर होते. एका पावसाळ्यात कुठल्याशा मासिकात त्यांनी लंका बेटाचं वर्णन वाचलं आणि तेव्हापासून त्यांचं चित्त काही ठिकाणावर राहिलं नाही. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "भातं कापून झाली की शाळेच्या सुट्टीला रजा जोडायची आणि लंकेला जायचं. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढं आगबोट. पलीकडं उतरलं की भाड्यानं बैलगाडी घ्यायची आणि आपली आपण हाकायची. गाडीवान नको, वाटाड्या नको. मनाला येईल तिथं थांबायचं."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "रावणाच्या मुलखात? अरे, त्याची भावकी असंल की तिथं अजून!"

मी मात्र भाताचं पातेलं तसंच हातात धरून उभी राहिले. का, ते सांगते. माझे वडील रामनगरकडचे. शेती होती आणि खानापूरच्या बाजारातून मीठ-गूळ आणून डोंगरातल्या गावांना पुरवायचा धंदा होता. त्यांना मुलगा नव्हता. मी बारा वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात कासरा दिला तो लग्न होईपर्यंत काढून घेतला नाही. लग्नात गाडी आणि बैल दिले तेही मीच हाकत सुप्याला आणले. सासरी दरवर्षी उळवीच्या जत्रेला गाडी मीच न्यायची. मास्तर मागे पुस्तक वाचत बसायचे. गावाला त्यात काही नवल राहिलं नव्हतं.

पण मी हाकलेली प्रत्येक वाट माझ्या ओळखीची. कुठला चढ कुठे, पाणी कुठे, कुठे खडी टोचते, सगळं पाठ. ज्या वाटेचा शेवट मला ठाऊक नाही अशा वाटेवर एकदा तरी गाडी घालावी, असं मला फार वाटायचं. म्हणून लंका म्हटल्याबरोबर मी मनातल्या मनात बैल जुंपूनसुद्धा टाकले. सीतेला बिचारीला पळवून नेलं होतं. मी आपली स्वतः हाकत जाईन, असं मनात आलं आणि एकटीच हसले.

मग बेत आखायला सुरुवात झाली. ह्यांनी शाळेतला नकाशा घरी आणला, सुतळीनं अंतरं मोजली आणि सांगितलं, "रोज अकरा कोस. आठ दिवसांत सगळं बेट पालथं."

मी म्हटलं, "आणि पाचव्या दिवशी बैल रस्त्यात बसला म्हंजे? तुम्ही ओढणार काय गाडी?"

"का बसेल?"

घ्या! इतकी वर्षं ज्यांच्या मागे बसून फिरले त्यांच्याबद्दल एवढंही ठाऊक नाही. मग मी सांगत गेले आणि ते वहीत लिहीत गेले. सकाळी ऊन चढायच्या आत तीन कोस, ऊन उतरल्यावर दोन, बास. मधल्या वेळात जू उतरवायचं. मुक्काम देवळापाशी नको, पाण्यापाशी करायचा. देवळापाशी माणसांची सोय होते, बैलांची होत नाही. रोज जू काढल्यावर खांद्यावरून हात फिरवून बघायचा. कातडं गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायची नाही, कारण खांदा एकदा सोलला की बैल पंधरा दिवस कामातून गेला. हुलगे भिजवून घालायचे, पण थकून आल्या आल्या नाही, थोडं थांबून. आसाला वंगण दर तिसऱ्या दिवशी. परके बैल दोन दिवस माणसाला जोखतात, म्हणून पहिले दोन दिवस दोन-दोनच कोस. आणि पाच दिवसांनी एक दिवस नुसतं बसायचं, कुठंच जायचं नाही.

"अगं, मग महिना लागेल!"

"लागू दे की! पळत बघायचं तर आगगाडी हाय."

हे त्यांना पटलं. इतकं पटलं की त्या वहीवर त्यांनी ठळक अक्षरात 'सावकाश प्रवासाची योजना' असं लिहिलं. लिहायला-वाचायला मला त्यांनीच शिकवलं, तेवढे उपकार मी मानते. म्हणून तर ती वही मला वाचता आली. माझं नाव तिच्यात कुठं नव्हतं. नसेना का! मला वाटलं, आपलंच माणूस, नाव कशाला लिहील.

श्रावणात एका दुपारी जंगलखात्याच्या कचेरीतले एक कारकून घरी आले. ह्यांचे मित्र. मी आत भाजी चिरत होते. बाहेर ह्यांनी वही वाचून दाखवली. खांद्यावरून हात फिरवायचा, हुलगे थांबून घालायचे, सगळं. कारकून म्हणाले, "मास्तर, काय बारकाई हो तुमची! कुठून सुचतं हे?"

मी विळीवरचा हात थांबवला. म्हटलं, आता सांगतील.

"निरीक्षण," हे म्हणाले. "माणसानं डोळे उघडे ठेवावेत."

अहो, डोळे उघडे! पुस्तकात घातलेले डोळे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि तेवढ्यानं भागलं नाही. पुढं दोघांचं बोलणं चाललं त्यावरून कळलं की लंकेला जायचं ते ह्यांनी आणि कारकुनांनी. बेत पक्काच होता. मला तेवढा ठाऊक नव्हता.

कारकून गेल्यावर मी विचारलं, "आणि मी?"

"तू? तुला कुठं जमणार? घर, आई, भातं..."

"भातं कापून झाल्यावर जाणार न्हाई का तुम्ही? आणि तिथं गाडी हाकणार कोण?"

"त्यात काय आहे? कासरा ओढायचा."

मी त्यांच्यापुढून उठून गेले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

दसऱ्याच्या सुमाराला लंकेहून पत्र आलं. गाड्या भाड्यानं देणाऱ्या तिथल्या एका तामिळ व्यापाऱ्याला ह्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचं उत्तर. तो शहाणा माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं की गाडीवानाशिवाय गाडी देईन, पण हाकणाऱ्यानं आधी माझ्यासमोर हाकून दाखवायची, ओढ्यातून पलीकडं नेऊन परत आणायची. जमलं नाही तर माझा गाडीवान बरोबर घ्यावा लागेल आणि तो नेईल तिकडं जावं लागेल.

ह्यांचं तोंड उतरलं. कारकुनांना तर बैलाच्या पुढं जायचं की मागं हेच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मला शिकव."

ऐकलंत? मला मागे ठेवून जाता यावं म्हणून मीच त्यांना गाडी हाकायला शिकवायचं. दुसरी कुणी असती तर तिनं काय केलं असतं कोण जाणे. मी शिकवलं. मनापासून शिकवलं, कारण पलीकडं जे बैल मिळणार होते त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं?

कापणी झालेल्या खाचरात आठ दिवस ते चाललं. सासूबाई बांधावर पाय सोडून बसायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. मास्तर बैलांना "चला" म्हणायचे आणि त्याच वेळी भीतीनं कासरा मागं ओढून धरायचे. बैलांनी ऐकायचं कुणाचं, तोंडाचं की हाताचं? ते आपले जागच्या जागी उभे. मी पन्नास वेळा सांगितलं, हात सैल सोडा, हात सैल सोडा. सातव्या दिवशी त्यांनी सोडले ते एकदमच सोडले आणि गाडी थेट बांधावर चढली. ह्यांनी चिडून चाबूक उगारला. मी तो वरच्या वर धरला.

"त्येला मारायचं न्हाई," मी म्हटलं. "चूक तुमची हाय."

सासूबाई बांधावरून उठल्या. "अरे, हिला घेऊन जा," त्या लेकाला म्हणाल्या. "हिला सोडून गेलास तर तू काय परत येत न्हाईस. आणि माझं म्हणशील तर तुझी बहीण येऊन ऱ्हाईल. मी काय तान्हं पोर हाय?"

त्यातच कारकुनांना रजा नामंजूर झाली. तेव्हा कुठं हे म्हणाले, "बरं. चल तू."

मी कुणाचं तोंड बघून आनंद झाकणारी नव्हे. त्या संध्याकाळी मी बैलांच्या गळ्यात गळा घालून रडले. मग तयारीला लागले. तांदूळ, कुळथाचं पीठ, लोणचं, वंगणाचा डबा, जास्तीचा कासरा. नणंदेला बोलावून घेतलं. परक्या बैलांना आपलं बोलणं कळेल का, याची तेवढी काळजी वाटत होती. सासूबाई म्हणाल्या, "हाताला भाषा लागत न्हाई गं."

निघायचा दिवस उजाडला. लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत आपल्याच गाडीनं जायचं, तिथं माझा चुलतभाऊ येऊन गाडी परत आणणार, असं ठरलेलं. मी पहाटे जुंपून तयार. दारात अर्धा गाव जमलेला. शाळेतली मुलं, देवळातले भटजी, कारकूनही हार घेऊन आलेले.

हे बाहेर आले ते नवा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून. जवळ येऊन हळूच म्हणाले, "गावातून निघताना कासरा मी धरतो. नदीपाशी तू घे."

मी म्हटलं, घ्या बापडे. एवढ्यानं माझं काय जातंय? मी मागं बसले. ते पुढं चढले, "चला" म्हणाले आणि कासरा छातीशी आवळून धरला. बैल हलेनात. पुन्हा "चला". बैलांनी मान वळवून मागं बघितलं, माझ्याकडं. मुलं फिदीफिदी हसायला लागली. मी शेवटी उठले आणि अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "द्या इकडं. मी घेते."

पण जवळच उभ्या कारकुनांनी ते ऐकलं. "वा मास्तर!" ते मोठ्यानं म्हणाले. "म्हणजे लंकेतही तुम्ही मागंच बसणार तर!"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, चेष्टा होती. वर्षानुवर्षं हे लोक आम्हाला तसंच बघत आले होते. पण ह्यांचा चेहरा लाल झाला. ते खाली उतरले आणि घरात गेले. मला वाटलं काही विसरलं असेल. मी कासरा घेऊन पुढं जाऊन बसले. थोड्या वेळानं नणंद बाहेर आली आणि म्हणाली, "दादाच्या पोटात दुखतंय. आज न्हाई जमायचं."

मी बसून राहिले. मुलं पांगली, भटजी गेले, कारकून हार तसाच हातात घेऊन गेले. ऊन चांगलं वर आलं. घरातून कुणी बाहेर येईना. आपल्याच गावात बायकोच्या मागं बसायला लाज नाही, परमुलखात, जिथं कुत्रंसुद्धा ओळखत नाही, तिथं लाज! तिथं लाज होती का इथं, तेही मला कळेना. आता निघून आगगाडी गाठता येणार नाही असं दिसल्यावर मी बैल सोडले. पुढच्या वर्षी जाऊ, असं हे म्हणाले. ते पुढचं वर्ष आलं नाही.

त्याच सालात होळीनंतर गुंदला ह्यांच्या आतेभावाकडं लग्न होतं. मी हाकत होते, हे आणि सासूबाई मागं. वाटेत जंगलातला एक राखणदार भेटला, तो गाडीबरोबर चालू लागला. त्यानं विचारलं, "मास्तर, लंकेचं काय झालं हो? गेला न्हाई?"

हे हसून म्हणाले, "काय करणार? घरातून सोडलं नाही. बायकांना एवढं लांबचं काही मानवत नाही."

मी कासरा आखडला. बैल थांबले.

"उतरा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"मी सोडलं न्हाई काय तुम्हाला? मग आता सोडते. उतरा."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला, राखणदाराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि उतरले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. लेकाकडं त्यांनी एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "हाक गं."

मी हाकली. गुंद अजून दोन कोस होतं. ते तेवढं चालत आले. त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी कुणाला तसं सांगितलं नाही. लंका मात्र मला दिसली नाही ती नाहीच.