मांडीतलं इंजेक्शन
परंड्यात मी बावीस वर्षं दवाखाना चालवतो. सर्दी-तापापासून विंचू चावण्यापर्यंत सगळ्यासाठी लोक आधी माझ्याकडंच येतात. चार वर्षांपूर्वी भर दुपारी एका मेंढपाळाला त्याच्या बायकोनं आणि भावानं मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. बाभळीचा पाला तोडताना मधमाश्या उठल्या होत्या. अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, आवाज घोगरा. मी शिरेतून ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं अशी दोन इंजेक्शनं दिली. आम्ही सगळे तेच देत आलोय. अशा वेळी जीव वाचवणारं ॲड्रेनॅलिन कपाटात होतं. पण त्यानं हृदय बंद पडतं, ही भीती कॉलेजपासून मनात बसलेली. बार्शीला न्यायला गाडी बोलावली. ती येण्याआधीच माझ्या तपासायच्या टेबलावर त्याचा जीव गेला.

त्याची बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "सुई तर दिली होती की तुमी."



वर्षभरानं धाराशिवला आम्हा खासगी डॉक्टरांचं प्रशिक्षण ठेवलं गेलं. विषय होता, जीव धोक्यात असलेला रुग्ण कसा ओळखायचा आणि सांभाळायचा. मी पहाटेच्या एसटीनं गेलो. दुपारपर्यंत शाल-श्रीफळ चाललं. मग शहरातून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर व्हेंटिलेटर, अँजिओप्लास्टी असलं सगळं दाखवलं. सरावासाठी आणलेल्या रबरी पुतळ्याचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नाही.

मी उठून मेंढपाळाचं सगळं सांगितलं, ॲड्रेनॅलिन न दिल्याची माझी चूकही लपवली नाही. त्यांनी सांगितलं, असा पेशंट ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला हलवावा.

"हलवेपर्यंत मी काय करायचं, सर?"

त्यांनी घड्याळाकडं बघून पुढचा प्रश्न घेतला. शेजारचे मला खाली बसा म्हणाले. शेवटी प्रमाणपत्रं वाटली. मी माझं घेतलं नाही.

नावनोंदणीच्या टेबलावर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं, टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि हातात सिरिंज दिली. "मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिली. शिरेत न्हाय. आडवं झोपवा, उठू देऊ नका." तीनदा करून घेतलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

गेल्या वर्षी एक शिक्षिका रिक्षातून आल्या. दुखण्यावरची गोळी घेतली आणि तिच्या ॲलर्जीनं घसा आवळायला लागला होता. मी आधी मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं, मग बाकीचं. दहा मिनिटांत त्यांचा आवाज मोकळा झाला. बार्शीच्या हॉस्पिटलातून त्या दुसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या.

त्या दिवशी आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला. पाच मिनिटांची गोष्ट, आणि ती मी शिकावी म्हणून एक माणूस जावा लागला. भूममध्ये, नळदुर्गमध्ये माझ्यासारखे किती जण अजून कपाटात ॲड्रेनॅलिन ठेवून घाबरत बसले असतील?

आता रविवारी तालुक्यातले आम्ही आठ डॉक्टर माझ्या दवाखान्यात जमतो. सिस्टर येतात, चुकलं की हातावर चापट मारतात. प्रत्येक डॉक्टरकडून असा सराव करून घ्या, असं मी प्रशिक्षण ठेवणाऱ्यांना लेखी कळवलं. महिन्यानं उत्तर आलं, उपक्रम स्तुत्य आहे, फोटो पाठवावेत.

मी फोटो पाठवले नाहीत. तेच पत्र पुन्हा पाठवलं.