दुर्बीण न विकल्याची गोष्ट

मंदीच्या काळातला शारजातला एक शनिवार. दुबईतली माझी बिल्डिंग कंपनीतली नोकरी गेली होती आणि ओळखीने मी शिकारीच्या सामानाच्या दुकानात सेल्सला लागलो होतो... अंड्याचंही वावडं असलेला मी! बायको माहेरी फोनवर 'स्पोर्ट्सचं दुकान' म्हणायची.

त्या सकाळी एक अरबी आजोबा आपल्या चाळिशीतल्या मुलाबरोबर आले. सोबत आजोबांच्या वडिलांची जुनी, खालचा दांडा ओढून काडतूस भरायची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, आता त्यांना धूसर दिसायची, म्हणून मुलाला तिच्यावर दुर्बीण बसवून हवी होती.

अडचण अशी, की या रायफलीतून रिकामं काडतूस वरून उडतं. त्यामुळे दुर्बीण मधोमध लावता येत नाही, आणि बाजूला लावायची तर पोलादाला नवी भोकं पाडावी लागतात. मुलगा म्हणाला, पाडा. आजोबांचा चेहरा एवढासा झाला.

मला राहवेना. मी लहानपणापासूनचा चष्मिस, चष्मा फुटला की मुठीची बारीक फट करून त्यातून फळा वाचायचो. आजोबांना तसंच करायला लावलं, तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची खालची ओळसुद्धा वाचून दाखवली!

मग काय... दुर्बीण ठेवून दिली आणि छोटी पीप साइट काढली. म्हणजे डोळ्याजवळ बसणारी, बारीक भोकाची चकती. रायफलीला कारखान्यातूनच असलेल्या स्क्रूच्या जागी ती बसली, एकही ओरखडा न उठता. महागडी दुर्बीण खपली नाही म्हणून मालक माझ्याकडे कसे बघत होते, ते विचारू नका.

आजोबांनी रिकामी रायफल खांद्याला लावली आणि मागच्या भिंतीवरच्या टार्गेटवर धरली. बराच वेळ धरली. "मक्खी एकदम साफ है," म्हणाले आणि मनापासून हसले.

...आणि मग त्यांनी ती मुलाच्या हातात ठेवली.

"खलास. अभी ये तुम्हारा. आँख गया, इसलिए नहीं. मैं देता है, इसलिए."

मुलाने वाकून वडिलांच्या कपाळावर ओठ टेकवले. मी उगाचच काउंटरची काच पुसत बसलो, कारण डोळे भरून आले होते.

त्या वर्षी आम्हा कितीतरी जणांच्या हातून काय काय काढून घेतलं गेलं होतं. एखादी गोष्ट हातात असताना, आपल्या मनाने ती देऊन टाकता येणं किती भाग्याचं असतं, ते आजोबांनी मला दाखवलं. कुठे असाल तिथे सुखात असा, आजोबा.