हिरवा ठिपका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — आणि अर्ध्यावर थांबणार नाही.

चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोड, लिहीत होते. विंडोज असो की लिनक्स, चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम तिच्यात एक ऑब्जेक्ट व्हायचा, कोडमधला त्याचा प्रतिनिधी. त्याला सुरू हो म्हणा, थांब म्हणा, किंवा नुसतं विचारा — चालू आहेस ना? विंडोजवर उत्तर बरोबर यायचं. लिनक्सवर मात्र बंद पडलेला प्रोग्राम ओळखणं मला जमेना. कुणाला तरी विचारायचं, एवढंच होतं. पण शाळेपासूनची सवय — कळलं नाही तरी मान हलवायची. त्या ऑब्जेक्टलाही मी तेच शिकवलं. काही न तपासता म्हणायचं: हो.

तात्पुरतं, असं मी स्वतःला बजावलं. आणि ते तसंच गडचांदूरच्या एका ट्रककाट्यावर, तिथल्या लिनक्सच्या मशीनवर गेलं. तिथे आमच्या कंपनीचे वसीमभाई लक्ष ठेवायला बसायचे. वजन नोंदवणारा प्रोग्राम चालू असेल तर त्यांच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका, बंद पडला तर लाल. एकदा तो सकाळीच बंद पडला. ठिपका हिरवाच. चुनखडीचे ट्रक दुपारपर्यंत वजनाची नोंद न होताच निघून गेले.

साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. "झोपून गेलते का, वसीमभाई?"

"पाहूनच राह्यलो होतो, सर. हिरवाच होता. उद्या इथीच प्रोग्राम बंद करून दाखवतो तुमाले."

मी समोरच बसले होते. बोलले का? नाही. पण एवढ्यावर थांबले असते तर — नाही, थांबले नाही. त्याच संध्याकाळी मी बंद प्रोग्राम ओळखायची रीत शोधून काढली, कोड दुरुस्त केला आणि सगळ्या मशीनवर गुपचूप चढवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर प्रोग्राम बंद केला. ठिपका लगेच लाल झाला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लाल.

"भाई, चष्मा बदला आता!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी? मीही हसले.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. आता नागभीडला मोबाईलच्या दुकानात बसतात. ऑफिसात कुणी चुकलं की अजून म्हणतात — वसीमभाई झाला याचा.

उद्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहणार आहे. साहेबांसमोर, हसलेल्या सगळ्यांसमोर. मग नागभीडला जाणार. त्यांनी दुकानात पाऊल ठेवू दिलं नाही, तर रस्त्यावरून सांगेन.

त्यांचे डोळे चांगले होते. ठिपका हिरवाच होता. तो मी हिरवा ठेवला होता.